आधी लोखंड घाल

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, आजवर कुणाचंही वाक्य पूर्ण होऊ दिलेलं नाही. समोरचा माणूस 'मला वाटतं' म्हणेपर्यंत त्याला काय वाटतं ते सांगून त्या मोकळ्या होतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात हा स्वभाव खपून जातो. गिऱ्हाईक जळका पंप घेऊन धापा टाकत पायरी चढतं, तोवर "पाणी नसताना चालू ठेवलात ना?" असं म्हणत आईंनी झाकणाचे नट सैल करायला घेतलेले असतात.

दुकान म्हणजे घराखालचीच खोली. वॉर्निशचा वास जिन्याने वर येतो आणि आमच्या धुतलेल्या कपड्यांनाही लागतो. आत बसून जळकी तार उपसायची, खाचांत नवा कागद बसवायचा, तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, हे काम आईंचं. बाहेर जाऊन मोटर बसवायची, जोडण्या करायच्या, गिऱ्हाइकांशी हसून बोलायचं, हे सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं. बाबांकडे वायरमनचा परवाना होता आणि त्याची परीक्षा आपण पहिल्या फटक्यात पास झालो हे ते येताजाता ऐकवायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला ते तीनदा ऐकायला मिळालं होतं.

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलणं राहिलं, पण शब्द एकेक करून येऊ लागले. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, जिभेवर यायलाच वेळ लागायचा. "त्यांना घाई करू नका," असं डॉक्टरांनी बजावलं. आईंनी गंभीरपणे मान डोलावली. घरी आल्यावर मात्र बाबांनी तोंड उघडायचा अवकाश, "चहा हवाय? पंखा लावू? उशी सरकवू?" सुरू. बाबा डोळे मिटून घ्यायचे. चहा आलाच तर पिऊन टाकायचे.

त्यातच परवान्याची मुदत संपत आली. ज्याला स्वतः काम करता येत नाही त्याला तो पुन्हा मिळणार नव्हता. घरातल्या दुसऱ्या कुणी परीक्षा दिली तर ठीक, नाहीतर दुकानाचं शटर खाली. माझे यजमान औषधं विकत गावोगाव फिरतात, त्यांना साधा बल्ब बदलता येत नाही. म्हणजे आईंनीच बसायला हवं होतं.

"मोटर कशी भरायची ते मला येतं," आई म्हणाल्या. "त्यांना अजून काय पाहिजे?"

त्यांना एसी करंट, इम्पिडन्स आणि पॉवर पाहिजे होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. वर्ग भरायचा स्वयंपाकघरात.

"ही कॉइल मीटरवर तीस ओहम दाखवते," मी म्हटलं.

"मग तीस. झालं."

"हे मीटरच्या बॅटरीवर. घरातला करंट सारखा दिशा बदलतो, आणि कॉइलला असं बदलणं आवडत नाही. ती वेगळी आडवी येते. तो अडथळा समजा चाळीस. मग एकूण अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, किती?"

"सत्तर."

"पन्नास."

वजनात मारलेलं तारेचं रीळ बघावं तसं आईंनी माझ्याकडे बघितलं. "अगं, हेच शिकवतेस का तू पोरांना?"

मी त्यांना ओट्यापासून तीन फरश्या सरळ चालवलं, मग काटकोनात वळवून चार फरश्या. जिथून निघालो तिथपासून आडवी सुतळी ताणली. ती भरली पाच फरश्या. "दोन्ही अडथळे एका दिशेचे नाहीत, म्हणून बेरीज अशी तिरकी करायची," मी म्हटलं. माझ्यावर विश्वास नसल्यामुळे त्यांनी सुतळी स्वतः पुन्हा लावून बघितली. "असं सांग की मग," त्या म्हणाल्या, जणू इतका वेळ मीच लपवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मटार सोलत होत्या आणि वळण काटकोनातच का, हे मी समजावत होते. साध्या शेगडीच्या तारेत व्होल्टेज आणि करंट बरोबरीने वर जातात, बरोबरीने खाली येतात. कॉइलमध्ये व्होल्टेज आधी पोचतं, करंट मागून येतो. त्यामुळे आत गेलेल्या पॉवरपैकी काही दर खेपेला परत फिरते. व्होल्टेज गुणिले करंट केलं की झाली पॉवर, असं म्हणून चालत नाही. दोघांचं जेवढं जुळतं तेवढंच काम होतं, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात.

"म्हणजे करंट असतोच," आई म्हणाल्या. "उशिरा येतो, इतकंच."

"हो."

"म्हणजे ह्यांच्यासारखं."

त्यांनी दाराबाहेर बाबांच्या खुर्चीकडे बघितलं आणि मग सगळे मटार संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला खरं तर भीतीच वाटली. ते स्वयंपाकघर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी तोंड उघडलं. आईंनीही उघडलं, आणि मिटलं. हातातलं फडकं त्या पिळत राहिल्या. थांबणं त्यांना अंगमेहनतीपेक्षा जड जात होतं, हे मला दिसत होतं आणि मला त्यांची माया वाटली. या शांततेने बाबाच इतके गोंधळले की काय सांगायचं होतं ते विसरले. "चहा," ते शेवटी म्हणाले. आईंनी चहा जरा जोरातच आदळला.

पण पुढे दोघांनाही जमत गेलं. एकेक वाक्य पलीकडे पोचू लागलं, आज एक, उद्या एक.

परीक्षेच्या सकाळी खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी जिन्यात उभी, आईंच्या पायात चप्पल. तेवढ्यात बाबांनी डावा हात वर केला.

"लोखंड," ते म्हणाले.

पुन्हा हॉर्न वाजला. "आई, उशीर होतोय," मी म्हटलं.

"होऊ दे." त्या बाबांच्या शेजारी खाटेवर बसल्या.

"आधी... लोखंड घाल." मोठा श्वास. "कॉइलमध्ये."

आईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली आणि आम्ही निघालो.

लेखी परीक्षा झाली, मग प्रात्यक्षिक. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. टेबलावर स्टँडमध्ये एक उघडी कॉइल, तीन मीटर, फ्यूज, आणि बाजूला पुसून ठेवलेला लोखंडी गाभा. शंभर व्होल्ट द्यायचे आणि इम्पिडन्स नि पॉवर काढायची. आईंनी भराभर वायरी जोडल्या. हात स्विचवर गेला आणि तिथेच थबकला. आम्ही मोटर भरतो ती लोखंडाच्या खाचांतच. ते सदा तिथे असतंच, म्हणून त्याचा विचार कुणी करत नाही. पण ते नसलं तर कॉइलचा अडथळा खूप कमी होतो आणि करंट बेफाम वाढतो. आईंनी गाभा उचलून कॉइलमध्ये सरकवला आणि मगच स्विच दाबला.

काटा एक अँपिअरवर स्थिरावला. "इम्पिडन्स शंभर," त्या म्हणाल्या.

"शंभर व्होल्ट, एक अँपिअर, म्हणजे शंभर," परीक्षक म्हणाले. "वॉटमीटर तर चाळीसच दाखवतोय. बाकीचे कुणी खाल्ले, बाई?"

"कुणी नाही. करंट उशिरा येतो. काही काम करून जातं, काही आल्या वाटेने परत जातं."

"मग परत जातं ते फुकट?"

"फुकट कसं? त्याच्यावाचून मोटर फिरेल का?"

परीक्षकांनी हसून कागदावर खूण केली. आईंच्या मागून दुसरा एक उमेदवार आत गेला, तोही मोटरी भरणारा. गाभा टेबलावरच ठेवून त्याने स्विच दाबला. फट् असा आवाज झाला आणि फ्यूज उडाला. त्याला पुढच्या वेळी यायला सांगितलं.

घरी आल्याबरोबर आईंनी बाबांना सगळं सांगितलं, अर्थात एका दमात. बाबा ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा ओशाळा झाला.

"मी... पहिल्यांदा..."

आई थांबल्या. मीही थांबले.

"नापास. लोखंड... विसरलो. फ्यूज उडाला."

इतकी वर्षं ऐकवलेला 'पहिला फटका' असा निघाला. आईंना हसावं की रागवावं ते कळेना. "अहो, मग हे आधी सांगायचं नाही का? महिनाभर अभ्यास करतेय मी तुमच्यासमोर!"

बाबा बोलायला लागले. शेगडीवर दूध वर येत होतं, मी जाऊन गॅस बंद केला. आई जागच्या हलल्या नाहीत.

"रोज... सांगत होतो," बाबा म्हणाले. "तू... चहा आणायचीस."

आईंनी बाबांचा उजवा हात, तो न हलणारा, मांडीवर ओढून घेतला. "अजून काय काय सांगायचं राहिलंय?" त्यांनी विचारलं, आणि गप्प बसून राहिल्या.