सतराव्या शतकातली कॉफी

आमच्या मेघनाच्या लग्नाचं काय विचारता! बाप म्हणून मी जे करून बसलो, ते आठवलं की अजून थकवा येतो. पण विषय काढलाच आहे तर सांगतो. मधे हसायचं नाही. बरं, हसा. आता मला सवय झालीय.

आमचं घर जे. पी. नगरात. मुलगी नोकरीमुळे सर्जापूर रोडला. एकाच गावात, पण मधलं ट्रॅफिक बघता परदेशीच म्हणायची. त्यामुळे लग्नाची सगळी बोलणी फोनवर. आणि फोनवर माझा एक हट्ट. घरच्या माणसांशी मराठीच बोलायचं! आमचे पूर्वज सतराव्या शतकात बेंगळुरात आले. इतक्या पिढ्या कन्नड मुलखात राहून त्यांनी भाषा सांभाळली, हे मी मेघनाला ती पाळण्यात असल्यापासून ऐकवत आलोय.

तर एका संध्याकाळी मी शिवाजीनगरच्या बसस्टँडवर उभा. दिवसभर पत्रिका वाटून पायाचे तुकडे पडलेले. कंडक्टर ओरडतायत, रिक्षांचे हॉर्न वाजतायत, आणि त्यात मेघनाचा फोन.

"अप्पा, लग्नाची थीम ठरली! मी आणि प्रज्वलनी मिळून ठरवली."

"थीम म्हणजे काय ते मराठीत सांग," मी म्हटलं. बघा, एवढ्या गोंगाटातसुद्धा माझी खोड गेली नाही.

बिचारीनं शब्द शोधत शोधत सांगितलं, "म्हणजे... सगळं लग्न सत्तरच्या दशकातलं करायचं."

मला ऐकू आलं, 'सतराव्या शतकातलं'.

आता मला सांगा, कुठल्या बापाचा ऊर भरून येणार नाही? मी तिथेच बसस्टँडवर डोळे पुसले. जन्मभर घसा कोरडा केला, त्याचं चीज झालं!

"जेवणाचं माझ्यावर सोड," मी म्हटलं. "आणि माझ्या कपड्यांचंही. बघशीलच तू."

"सो स्वीट, अप्पा! आणि आतापासून कल्ले वाढवा हं."

कल्ले! पोरीनं किती बारीक अभ्यास केलाय, म्हणून मी आणखी गहिवरलो.

तुम्ही म्हणाल, पुढे कधीतरी उलगडा झाला असेल. तेच तर दुर्दैव. एकदा ती म्हणाली, "वरातीला त्या काळची गाडी मिळाली, अप्पा. पांढरीशुभ्र!" मी म्हटलं, "वा! चारापाण्याचं बघा म्हणजे झालं." ती खो खो हसली. "अप्पा, तुम्ही पण ना!" मला वाटलं, पोरगी खूश आहे. तिला वाटलं, अप्पा विनोद करतायत.

माझ्या बायकोला, शैलाला, आम्ही दोघांनीही एवढंच सांगितलं होतं की जुन्या काळातलं लग्न आहे. तिनं कपाटातून आईची जरीची साडी काढली आणि मोकळी झाली. ती साडी कुठल्याही शतकात चालली असती.

मी मात्र कामाला लागलो. आधी केटररकडे गेलो. म्हटलं, सतराव्या शतकात जे नव्हतं ते पानात दिसता कामा नये. बटाटा बंद. टोमॅटो बंद. मिरची तेव्हा आली होती की नव्हती यावर लोक वाद घालतात, पण मी तिला संशयाचा फायदा दिला नाही. तीही बंद.

"खारा बेडवा, सार?" त्यानं घाबरून विचारलं. तिखट नको?

"मिरे घाला."

"आणि कॉफी?"

इथे मी जरा थांबलो. कॉफी म्हणे त्याच सुमारास चिक्कमगळूरच्या डोंगरावर पहिल्यांदा लावली. पण लावली म्हणून लगेच आमच्या पूर्वजांच्या पेल्यात थोडीच पोचली असणार? "कॉफी नाही," मी म्हटलं. "सुंठीचा काढा ठेवा."

केटररनं वहीतल्या कॉफीवर काट मारली. मग म्हणाला, "सरी, सार." बरं, साहेब. आणि वर उत्साहानं म्हणाला, जुना काळ आहे तर वाढपीही तसेच सजवतो. मी त्याला शिवाजीनगरातलं नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान सांगितलं. माझा अंगरखा आणि पगडी तिथूनच ठरली होती.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी अंगरखा, पगडी, कमरेला शेला, गालावर कल्ले अशा थाटात हॉलवर पोचलो. दारात पांढरी अँबेसेडर. मी ड्रायव्हरला म्हटलं, "ही बाजूला घे, बैलगाडी येईल." आत पाय टाकला तर भिंतीवर ग्रामोफोनच्या तबकड्या लटकवलेल्या. कोपऱ्यात जुना रेडिओ. व्याही समोरून आले ते बेलबॉटम आणि पानाएवढ्या कॉलरच्या शर्टात!

ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय.

मेघना धावत आली. "अप्पा! हे काय?"

"सतरावं शतक," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू येईना.

"सत्तरचं दशक, अप्पा! सेव्हन्टीज!"

"मग तसं इंग्रजीत सांगायचं ना, बाई!"

हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. शैलानं कपाळाला हात लावला.

पण कपड्यांचं काय, हसून सोडलं असतं. खरी आग लागली ती नाश्त्याच्या पंगतीत. मुलाकडची मंडळी हासनहून मध्यरात्रीच्या बसनं आलेली. सांबार पिवळं. चटणी पांढरी. तेही त्यांनी निमूटपणे गिळलं. मग एकेकानं कॉफीसाठी मान वर केली आणि माझ्यासारख्याच अंगरखा-पगडीतल्या वाढप्यांनी समोर ठेवला सुंठीचा काढा.

"कॉफी इल्वा?" कुणीतरी विचारलं.

कॉफी नाही? ते दोन शब्द पंगतीभर फिरले. माणसं कुजबुजायला लागली. प्रज्वलच्या मामांनी पानावरून हात उचलला. व्याही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आमच्याकडून काही चुकलं का?" मेघनाच्या डोळ्यांत पाणी. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी पगडीसकट आत गेलो असतो.

स्वयंपाकघरात कॉफीची पूड नावालाही नाही. मीच नको म्हटलं होतं ना! घेतला मोठा थर्मास आणि तसाच अंगरख्यात पळालो कोपऱ्यावरच्या हॉटेलात. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "एनु सार, नाटकाना?" नाटकच म्हटलं. दोघांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मी म्हटलं, काढा बाबांनो, पण आधी कॉफी भरा.

हॉलवर परत आलो तेव्हा मुहूर्त तोंडावर आलेला. वाढपी कुठे दिसेनात, म्हणून मीच ट्रे उचलला आणि कप वाटत सुटलो. पहिल्या रांगेत प्रज्वलच्या अज्जी बसल्या होत्या. प्रवास झेपत नाही म्हणून साखरपुड्याला आल्या नव्हत्या, त्यामुळे आमची ओळख नव्हती. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "देव तुझं भलं करो, बाळा. अजून एक आण. सक्करे स्वल्प कम्मी." साखर थोडी कमी.

"सरी, अज्जी," मी म्हटलं आणि आणली. इतका दमलो होतो की ओळख द्यायचंही त्राण नव्हतं.

"आणि काय रे," त्यांनी विचारलं, "मुलीचे वडील कुठे आहेत? पाहुण्यांना कॉफी नाही, चौकशी नाही. कसला माणूस आहे?"

"असाच आहे, अज्जी," मी म्हटलं.

तेवढ्यात भटजींनी माइकवरून कन्यादानासाठी पुकारा केला. मी ट्रे खाली ठेवला, घाम पुसला आणि लगबगीनं जाऊन शैलाच्या शेजारच्या पाटावर बसलो. मेघनानं माझा हात धरला. म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

आणि पहिल्या रांगेतून अज्जींचा खणखणीत आवाज आला, "अय्यो, त्या कॉफीवाल्याला उठवा रे कुणीतरी! मुलीच्या बापाची जागा आहे ती!"