बाबांच्या चालीचा सिग्नल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो. आज तुम्हाला सांगतो — आता लपवायचाही कंटाळा आलाय.

मी शहरात जलद बसचे मार्ग आखायच्या कामावर होतो. बसची स्वतंत्र वाट रस्त्याच्या मधोमध, थांबाही मधोमध. म्हणजे प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडणं आलंच. त्यासाठी पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, हे माणसं प्रत्यक्ष चालवून मोजायचं — तरुण, बाया, म्हातारे. म्हातारं कुणी तयार होईना. बाबा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अड्याळहून माझ्याकडे आले होते. त्यांनाच नेलं.

बाबा विणकर. तरुणपणी लुगड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन कोंढ्याच्या बाजाराला पायी जायचे. आपल्या चालण्याचा त्यांना भारी अभिमान. फुटपाथवर उभे राहून मला विचारतात, “कसा चालू, बाबू? बाजारात चालतो तसा, का वरातीत चालतो तसा?”

“नेहमीसारखे चाला, बाबा.”

हात मागे बांधून ते निघाले. मी घड्याळ दाबलं. चोवीस सेकंद. बाकीचे सगळे पंधरा-सोळात पार झालेले.

आता काय सांगू? चोवीस धरले असते तर चौकाचौकात बस खोळंबली असती, आणि बैठकीत मला उभं करून विचारलं असतं — जलद बस म्हणतात ती हीच का? पण खरं सांगतो, कुणी दबाव आणला नव्हता. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मीच आधी घाबरलो. नोंदवहीतल्या बाबांच्या ओळीवर काट मारली आणि पुढे लिहिलं — ग्राह्य नाही. दिवा अठरा सेकंदांचा ठरला.

आणि बाबा? अड्याळच्या बाजारात ज्याला त्याला सांगत सुटले, “शहरातला सिंगल माह्या चालीवर लावला पोरानं. म्हातारा पार झाल्याशिवाय एक गाडी हालत नाही!” लोक हसायचे, चहा पाजायचे. गावी गेलो असलो की मी शेजारीच उभा असायचो. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद कसा पुसणार होतो? — की मला माझीच लाज झाकायची होती?

तीन वर्षांनी मार्ग सुरू झाला. बाबा मुद्दाम आले. दिवा हिरवा झाला तसे हात मागे बांधून ऐटीत निघाले — त्याच चालीनं. मला तरी काही फरक दिसला नाही. थांबा चार-पाच पावलांवर राहिला आणि दिवा लाल झाला. गाड्यांनी हॉर्न लावले. एक ऑटोवाला ओरडला, “मरतं का बे, बुढ्या!” मी धावत जाऊन त्यांना थांब्यावर ओढून घेतलं.

त्यानंतर बाबांनी चालणंच सोडलं. बाजार शेजाऱ्यांकडून मागवायचे. मी गावी गेलो की म्हणायचो, देवळापर्यंत तरी जात जा. ते हसायचे. “तुह्या सिंगलनंच सांगतलं ना मले. आता कायले चालवून राहिला?” हळूहळू पाय आखडले. मग खाट धरली. गेल्या उन्हाळ्यात गेले.

मी फक्त गप्प राहिलो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. गप्प राहणं हा काय एवढा मोठा गुन्हा? — पण तेही खरं नाही. त्या दिवशी थांब्यावरच्या बाकावर बाबा धापा टाकत बसले होते. बराच वेळ दिव्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “सिंगल तं तोच आहे, बाबू. माहीच चाल सरली का रे?”

मी म्हटलं, “हो बाबा. वय झालं तुमचं.”