धनीरामची मान धरनारी डॉक्टरीन

...अन् हेबी लिव रुपा, का आपल्या गावात डॉक्टर म्हन्जे सुई मारनारा. बाकीचे कंपाउंडर. करुणाबाई उठसूट सुई मारत नाई, म्हनून तिले कोनी डॉक्टर मानत नोहतं. पवनीच्या विणकराची पोर, अड्याळले दवाखाना. कुठं कोनी पडलं-धडलं का फोन जाते, अन् ॲम्बुलन्स येईपर्यंत हे बाई आपल्या स्कुटीवर धावते. पैसा घेत नाई. आता फुकटचं कधी चांगलं असते का? आपले लोक भारी हुशार.

दिवाळी झाल्यावर माहा दीर धनीराम धानाच्या उंच पुंजन्यावरून, भाऱ्याइच्या ढिगावरून पडला, डोक्यावर. हातपाय हालेनात. अर्धं गाव जमलं. आपल्याकडं रीतच हाय, पडलेल्याचं डोकं उचलाचं अन् इचाराचं, "ओळखलं का मले?" चौघाइनं इचारलं. धनीरामले हातपाय पाह्यजेत, याइले ओळख पाह्यजे.

पाचवा हिरालाल. त्यानं मानेखाली हात घातला, तेवढ्यात स्कुटी आली.

"भाऊ, हलवू नका. हात आहे तसाच ठेवा."

बाई धानाच्या तनसीत पोटावर झोपली, दोन्ही हातानं डोकं धरलं अन् मंग हिरालालचा हात सोडवला. मले म्हने, "आजी, यांच्याशी बोलत राहा. उठू देऊ नका." मले बोलाचं काम देल्लं. पहिल्यांदाच कोनं माही किंमत केली.

हिरालाल म्हने, "म्याडम, इंजेक्शन तं मारा."

"लागत नाही, भाऊ."

"मंग सलाईन?"

"तुम्ही यांच्यावर छत्री धरा, ऊन लागतंय."

"नुसती मान तं आमीबी धरली असती."

"धरली होती ना. लांबून दिसलं, म्हणूनच गाडी जोरात हाणली."

पाऊन तास बाई हालली नाई. मुंग्या चावून राहिल्या होत्या, तरी नाई. ॲम्बुलन्स आली, मानेले पट्टा बांधला, फळीवर घेतलं. नागपूरचा डॉक्टर म्हने, मानेचं हाड तडकलं होतं. आनखी एक हिसका बसता तं जन्मभर खाटेवर.

आता धनीराम काठी घेऊन पानठेल्यापर्यंत जाते. तिथं हिरालाल सांगते, "म्या छत्री धरली म्हनून वाचला."

ऐतवारी दहाले समाजमंदिरात बाई शिकवनार हाय, पडलेल्या मानसाले कसं सांभाळाचं ते. मांगच्या बारीले चार जन आल्ते, दोन चहासाठी. रुपा, तू हिरालालले माहा निरोप देजो. त्याची माय ऐंशीची हाय, न्हानीत रोज घसरते. शिकून घे म्हनाव. अन् चहा भेटत नाई, हेबी आधीच सांगजो.