पलीकडे पाटीलवहिनी राहतात

बसने मला जिथे उतरवलं तिथे उतरायला जागाच नव्हती. एका बाजूला बजरीचा ढीग, दुसरीकडे उघडं गटार आणि मधे उरलेल्या डांबरावरून टेम्पो, ट्रक आणि नव्या चकचकीत मोटारी धावत होत्या. "उतरो माताजी, जल्दी," कंडक्टर म्हणाला आणि माझा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत बस हललीसुद्धा. दिल्ली स्टेशनपासून गाझियाबादच्या या टोकापर्यंत मी मजेत आले होते. धाकट्या बहिणीच्या, सुलूच्या, नव्या घराची पहिली ओळख मात्र अशी एका पायावर झाली.

सुलूचे यजमान अरविंदराव दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. इतकी वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर त्यांनी इथे स्वतःचा फ्लॅट घेतला होता. देश खुला झाला म्हणतात ना, ते या वसाहतीत डोळ्यांनी दिसत होतं. गच्चीगच्चीवर केबलच्या तारा, काचेची दुकानं, कर्जावर मोटार देणाऱ्यांच्या पाट्या. फाटकाबाहेर भलामोठा रुंद रस्ता. फक्त माणसाने चालायचं कुठून, याचा विचार कुणी केलेला दिसत नव्हता. मी साताऱ्याला शाळेत शिकवते. शाळा, बाजार, देऊळ, माझं सगळं पायी, आणि भेटेल त्यालाही मी चालायलाच सांगते. त्यामुळे पहिल्याच सकाळी मी चौकीदाराला विचारलं, "भैया, यहाँ पटरी कहाँ है?" (पटरी म्हणजे रस्त्याकडेची चालायची जागा.)

तो हसला. "पटरी का क्या काम, माताजी? ये गाड़ीवालों की सोसाइटी है."

निम्म्या घरांना मोटार नव्हती, अरविंदरावांनाही नव्हती, तरी हा रुबाब. आणि त्याच वेळी फाटकातून धुणीभांडीवाल्या, दूधवाले, बसकडे निघालेले कारकून, सगळे पायीच जात-येत होते. ते कुणाच्या हिशेबातच नव्हते.

सुलूचं मन मात्र रस्त्यापलीकडे होतं. तिथल्या इमारतीत जळगावकडच्या पाटीलवहिनी राहत. इकडच्या गच्चीवरून तिकडची वाळत घातलेली चादर दिसायची. अख्ख्या वसाहतीत पोटभर मराठी बोलायला तिला ते एकच घर. "त्या नसत्या ना ताई, तर मी इथे बिल्कुल पागल झाले असते," सुलू म्हणाली. रोज दुपारी ती तिकडे जायची नाहीतर त्या इकडे यायच्या.

कशा जायच्या, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. रस्त्याच्या मधल्या कठड्याचे दोन गज कुणीतरी वाकवून ठेवले होते. साडी आवळून धरायची, गाड्यांमध्ये फट दिसली की धावायचं, त्या गजांमधून अंग आक्रसून पलीकडे निघायचं आणि पुन्हा धावायचं. पन्नाशीच्या बायका! मैत्रिणीकडे चहाला जाताना चोरासारखं का पळायचं? पलीकडे एका गाड्यावर भाजलेल्या रताळ्यांची चाट (शकरकंदी) मिळाली, वर लिंबू आणि मसाला. चव फार छान होती. दोन घास खाल्ले नाहीत तोच मागून हॉर्न वाजला, मी दचकले आणि द्रोण गटारात गेला. "चलो, दुसरी घेऊ," सुलू म्हणाली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, इतकी ती त्या रस्त्याला सरावली होती.

मग संक्रांत आली. पाटीलवहिनींकडे हळदीकुंकू होतं. मी साताऱ्याहून सुलूसाठी मुद्दाम काळी चंद्रकळा नेली होती. माझीही काळीच होती. जिन्यात शेजारीण भेटली. "त्योहार पे काला?" म्हणून तिने कपाळाला आठ्या घातल्या. सुलूने हौसेने तिला समजावून सांगितलं की आमच्याकडे या एका सणाला काळंच नेसतात. दिवसभर धुकं होतं. हळदीकुंकू आपल्या रिवाजाप्रमाणे दिवेलागणीला. दिल्लीतून आणि आसपासच्या वसाहतींतून आलेल्या इतक्या मराठी बायका एका खोलीत पाहून सुलू हरखून गेली होती. तिळगूळ झाला, वाण घेतलं, नाव घेण्याचा आग्रह झाला आणि आम्ही निघालो तेव्हा कोहरा (दाट धुकं) पार जमिनीला टेकला होता.

गजांमधून आम्ही नीट अलीकडे आलो. पण तिथून फाटकापर्यंत कडेला विटा रचलेल्या होत्या, म्हणून डांबरावरूनच चालावं लागलं. मी पुढे, सुलू मागे. टेम्पो दिसला नाही, फक्त आवाज आला. वळून पाहिलं तर सुलू बजरीत पडली होती आणि डावा हात नको तसा वळला होता. टेम्पो थांबला नाही. कामावरून परतणाऱ्या दोन बायकांनी तिला धरून उठवलं आणि रिक्षात बसवलं. रिक्षात सुलूने उजव्या हाताने माझा पदर घट्ट धरून ठेवला. मी घाबरले होते आणि माझा संतापही होत होता.

नर्सिंग होममध्ये हात बांधता बांधता डॉक्टर म्हणाले, "कोहरे में काली साड़ी पहनकर कौन निकलता है, बहनजी?" चौकीदार तेच म्हणाला. जिन्यातली शेजारीण तर म्हणालीच. शेवटी अरविंदरावही हळूच म्हणाले, "हळदीकुंकू दुपारी ठेवायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं की चूक साडीची. टेम्पोवाल्याची नाही, विटा रचणाऱ्याची नाही, रस्त्यावर दिवे न लावणाऱ्याची नाही. साडी मीच नेली होती म्हणून मला ते फारच झोंबलं.

मी वसाहतीचं काम पाहणाऱ्या कचेरीत गेले. साहेब सभ्य होते. बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हटलं, फार काही नको. विटा उचला, गटारावर फरशा टाका म्हणजे त्यावरून चालता येईल, कठड्याला धड वाट ठेवा, तिथे एक दिवा लावा आणि गाड्या हळू होतील असा उंचवटा करा.

"उंचवटे से तो जाम लगेगा, मैडम," माझाच शब्द उचलून ते हसले. "और पटरी बनाओ तो ठेलेवाले बैठ जाते हैं. आप लोग क्रॉस करते ही क्यों हो? मार्केट तो इसी तरफ है."

"उस तरफ मेरी बहन की सहेली रहती है," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मैत्रीण पलीकडे राहते हे रस्ता ओलांडायचं कारण असू शकतं, हे त्यांना खरोखरच नवीन होतं. चहा तसाच ठेवून मी उठले. आजही त्या माणसाची आठवण झाली की माझं डोकं फिरतं.

सुलूच्या हाताला प्लास्टर होतं म्हणून मी शाळेतली रजा वाढवून राहिले. पाटीलवहिनी दोनदा आल्या, मग त्यांच्या घरच्यांनी त्यांना रस्ता ओलांडायला बंदी केली. दोघी आपापल्या गच्चीत उभ्या राहून एकमेकींना हात करायच्या. सुलू दुपारची नुसती टीव्हीपुढे बसून राहू लागली. शेवटी अरविंदरावांनी कर्ज काढून छोटी पांढरी मोटार आणली. पेढे वाटले. "आता तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह," ते म्हणाले. "संडेला मी स्वतः सोडेन वहिनींकडे." समोरच्या इमारतीत जायला मोटार, पुढच्या चौकातून वळसा घेऊन, आणि तीही रविवारी! पण दोघं इतकी खूश होती की मी पेढा खाल्ला.

निघायच्या दिवशी ते मला त्याच गाडीतून स्टेशनवर सोडायला आले. सुलू पुढे बसली होती. धुकं होतंच. फाटकाबाहेर विटांपाशी एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन डांबरावरून चालली होती. अरविंदरावांनी जोरात हॉर्न दिला. ती दचकून विटांवर चढली.

"बघा ताई, कसे चालतात," ते म्हणाले.

मी सुलूकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलेल.

"हो ना," सुलू म्हणाली. "एकदम मधेच येतात हे लोक, यार."

"सुलू," मी म्हटलं, "संक्रांतीला इथेच तू पडलीस."

तिने मान वळवली नाही. प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला.

घरी परतल्यावर लाल किल्ल्याबद्दल विचारणारे पुष्कळ भेटले. मी मात्र सगळ्यांना त्या रस्त्याबद्दलच सांगत सुटले. अरविंदरावांवर माझा राग नाही, बिचाऱ्यांनी बायकोच्या काळजीपोटी गाडी घेतली. राग आहे तो तसा रस्ता बांधून खुशाल चहा पीत बसणाऱ्यांवर. त्यांच्या रस्त्याने माझ्या बहिणीला आधी पाडलं आणि मग तिला आपल्या बाजूला ओढून घेतलं. प्लास्टर निघालं तेव्हा सुलूचं पत्र आलं: हात बरा आहे, पण फार एकटं वाटतं, दुपार जाता जात नाही. उत्तर लिहायला बसले. ऊठ आणि पाटीलवहिनींकडे चालत जा, एवढंच लिहायचं होतं. आयुष्यभर सगळ्यांना चाला म्हणून सांगत आले मी, पण माझ्या सख्ख्या बहिणीला ते लिहायचं मला धाडस झालं नाही.