अकरा फोटोंतला चोर

आता तुम्हाला कुठून सांगू? या वयात माणसाने स्वतःची इतकी शोभा करून घेऊ नये. मी घेतली. तीही भर अंगणात, शेजाऱ्यांना हाका मारून बोलावून.

झालं असं, बायकोने नवा फोन घेतला आणि जुना आमच्या पाच वर्षांच्या ओवीला खेळायला दिला. ओवीने आठवडाभर सगळं घर टिपून काढलं. रविवारी जेवण झाल्यावर मी आडवा होऊन ते फोटो बघत होतो. आपलंच घर हो, पण तीन फूट उंचीवरून! माझ्या आईचं तोंड कुठेच नाही, नुसते हात. वाल सोलणारे, वाती वळणारे. बायको प्रत्येक फोटोत हात पुढे करून धावत येतेय, म्हणजे ‘दे तो फोन इकडे’. मांजराचं तर नुसतं शेपूट. मी हरखून एकेक फोटो सरकवत होतो.

आणि मी? अर्धा फोन पालथा घातला तरी मी एकाही फोटोत नाही. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. श्रीवर्धनात शाळामास्तर आहे, गावभरची पोरं ‘सर सर’ करत मागे येतात, आणि आपल्या पोरीला आपला एक फोटो काढावासा वाटू नये?

“ओवी, बाबाचा नाही काढलास गं?”

“तुझेच तर जास्त काढलेत,” ती म्हणाली आणि माडीवर पळाली.

म्हटलं, पोरगी एवढ्यात मन राखायला शिकली.

पुढच्या फोटोवर मात्र मी ताडकन उठून बसलो. माडीच्या खिडकीतून खाली काढलेला. अंगणात आमची सुपारी वाळत घातलेली आणि मधोमध एक माणूस, उघडाबंब, पंचा नेसलेला. पाठमोरा उकिडवा बसून सुपाऱ्या वेचून मांडीवरच्या पंच्यात टाकतोय. डोक्यावर मागच्या बाजूला पुरीएवढं टक्कल. असे एक नाही, अकरा फोटो!

आता आमच्या आळीत टक्कल एकच. दगडी गडग्यापलीकडचे, शेजारचे मोरूकाका. मला पोहायला शिकवलं ते यांनीच, आणि आम्ही कुठे गावाला गेलो की घराची चावी असते ती यांच्याचकडे.

“अरे, आधी नीट बघ तरी,” आई म्हणाली. मी कसला बघतोय? अंगणात जाऊन गरजलो, “काका, जरा इकडे या. सगळेच या.” गडग्यावरून चार डोकी वर आली.

काका हात पुसत आले. मी फोन त्यांच्यापुढे धरला. “सुपारी हवी होती तर मागायची काका. चोरायची कशाला?”

काकांचा चेहरा पार उतरला. मग त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि फोटो मोठा केला.

“मास्तर, माझ्या डोक्यावर एक तरी केस हाय का?” त्यांनी डोकं माझ्यापुढे वाकवलं. नव्हता. कडेलाही नव्हता. “ह्याला बघ, चारी बाजूंनी गच्च केस हायत. नि पाठीवर हा भाजल्याचा डाग. लहानपणी पेजेचा टोप पाठीवर उलटला तेव्हा तुला दवाखान्यात कोणी उचलून नेला व्हता?”

माझा हात आपसूक पाठीकडे गेला. एवढ्यात बायको मागून आली, माझ्या डोक्याचा एक फोटो काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. पुरी. तीच.

अहो, रोज सकाळी शाळेत जायच्या आधी पंचा नेसून किडक्या सुपाऱ्या वेचणारा मीच. रोज आरशापुढे भांग पाडणाराही मीच. पण आरसा मागचं कुठे दाखवतो?

“तुला माहीत होतं?” मी बायकोला विचारलं.

“तीन वर्षं झाली,” ती म्हणाली.

लाजेने मेल्यासारखं झालं. मी काकांचे पाय धरायला वाकलो. वाकलो तशी गडग्यावरच्या चारही जणांना ती पुरी नीट दिसली आणि हशा पिकला. काकांनी पाठीत धपाटा घातला, नेमका डागावर. “ऊठ मेल्या, चहा टाकायला सांग.”

मी उठणार, तोच माडीच्या खिडकीतून ओवी ओरडली, “बाबा, हलू नको!”

बारावा निघाला. आज आमच्या घरात सगळ्यात जास्त फोटो माझे आहेत. एकातही तोंड नाही, पण बघणारा प्रत्येक जण मला लगेच ओळखतो. मी सोडून.