आनंदण्णाचं शून्य

फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. आनंदण्णा किनाऱ्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात टँकर रिकामा करताना वरून पडला होता आणि इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हे सांगायला मी आमच्या मॅनेजरांच्या खोलीत गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सकाळी मशीनवर किती आलं होतं? मी म्हणालो, "शून्य, सर." आणि ते म्हणताना मला हायसं वाटलं. भाऊ जाऊन तास झाला नव्हता आणि मला हायसं वाटलं, कारण माझ्या वहीत काही चुकलेलं नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला. आनंदण्णाबद्दल लिहायला बसलो की ते हायसं वाटणंच आधी आठवतं, म्हणून तेच आधी लिहून टाकलं.

आनंदराव माझा मावसभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी आमच्यात मला एकट्याला येते, वडिलांनी कान पिळून शिकवली म्हणून. हा लेख छापून आला तरी आमच्या गल्लीत तो कुणाला वाचता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर तेही माझ्या सोयीचंच आहे.

तरुणपणी अण्णा प्यायचा, आणि बऱ्यापैकी प्यायचा. लग्न ठरलं त्या वर्षी त्यानं पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीपुढे शपथ घेतली आणि सोडली ती सोडलीच. खोकल्याचं औषध घ्यायचं तरी दुकानदाराला दहादा विचारायचा, ह्यात ते नाही ना. पुदुकोट्टै रस्त्यावरच्या टँकर यार्डात मी सेफ्टी सुपरवायझर झालो तेव्हा त्याला ड्रायव्हर म्हणून मीच आणलं. थिनर, टोल्युइन, असला माल. भडकणारा, आणि नाकात गेला तर डोक्यात जाणारा. रोज सकाळी गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरनं माझ्यासमोर दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं, शून्य आलं की किल्ली मिळायची. अण्णा फुंकायचा, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायचा आणि मशीनचा पडदा माझ्याकडे वळवून म्हणायचा, बघ. जसं काही रोज परीक्षाच पास होत होता. मी हसायचो. बाकीचे ड्रायव्हरही हळूहळू तसाच पडदा वळवायला लागले.

टँकर पूर्ण रिकामा करण्याचा त्याला भारी अभिमान होता. माल कमी भरला अशी तक्रार त्याच्या गाडीची कधी आली नाही, कारण शेवटी तो वर चढून झाकण उघडायचा आणि डोकं आत घालून तळाशी काही उरलंय का ते बघायचा. नाकावर तो टॉवेल ओला करून बांधलेला. ओला टॉवेल असला की वाफ आत जात नाही, असं यार्डातल्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचं ठाम मत होतं. वर्षातून एकदा ट्रेनिंगमध्ये मी फळ्यावर लिहायचो की ओल्या कापडानं काहीही अडत नाही, ह्या वाफेनं माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, जीभ जड होते, वास येईनासा होतो, हसू येतं... सगळे सह्या करायचे, अण्णा सगळ्यात आधी. खरे मास्क कपाटात होते, पण त्यांचे फिल्टर संपलेले. नवे मागवा असं मी एकदा वर लिहून दिलं होतं. दुसऱ्यांदा दिलं नाही.

माझ्या मुलीचा साखरपुडा दोन वर्षांपूर्वी झाला. अण्णा त्या दिवशी माल उतरवून परस्पर आमच्याकडे आला, कपडेही न बदलता, कारण मुहूर्त चुकवायचा नव्हता. हातात कदंबम, आमच्याकडची ती रंगीबेरंगी सुवासिक फुलापानांची माळ. दारात अडखळला, व्याह्यांच्या अंगावर जाता जाता सावरला, काहीतरी बोलायला गेला तर शब्द जिभेतच घोटाळले, आणि मग आपणच हसत सुटला. मामा मला हळूच म्हणाले, पुन्हा सुरू केलं वाटतं ह्यानं. त्या खोलीत एकच माणूस असा होता ज्याला ह्याचं दुसरंही कारण माहीत होतं, फळ्यावर दरवर्षी लिहिण्याइतकं पाठ होतं. त्या माणसानं, म्हणजे मी, अण्णाला दंडाला धरून बाहेर तिण्णैवर नेलं. तिण्णै म्हणजे आमच्या घरांच्या दाराबाहेरचा ओटा, तिथे वाटसरू बसतात.

तो बसला. माळ नाकाशी धरून त्यानं मला विचारलं, ह्याला वास येतोय का, मला येत नाही. मी मागे वळून दार ओढून घेतलं. मग त्याला कळलं असावं की मी त्याला बाहेर का आणलंय. हसणं थांबलं.

"रघू, मिशिन आण. फुंकतों मी. सगळ्यांपुढे फुंकतों."

मशीन माझ्या स्कूटरच्या डिकीत होतं, वीस पावलांवर. पण ते आणलं असतं तर शून्य आलं असतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. आणि शून्य आलं असतं तर मग हा असा का झालाय, ह्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं, मास्कपासून, संपलेल्या फिल्टरपासून, न लिहिलेल्या दुसऱ्या पत्रापासून. दारूडा भाऊ असणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं. मी म्हणालो, "राहूं दे अण्णा, चार लोकांत नक्को." आत जाऊन त्याचं पान बाहेर पाठवलं, सांबार वाढून. जेवला की नाही ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर तो कुणाच्याही घरी कार्याला गेला तरी आत येत नसे. सगळे आग्रह करायचे, मीही करायचो, आणि तो तिण्णैवरच बसायचा. माझ्याशी बोलणं मात्र त्यानं कधी तोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा आला, फुंकला, पडदा माझ्याकडे वळवला. फक्त 'बघ' म्हणाला नाही. पुढे कधीच म्हणाला नाही... आणि मी शून्य लिहून किल्ली देत राहिलो. त्याला शुद्धीत ठरवणारं मशीन माझ्याकडे होतं, आणि माल उतरवून परतल्यावर तो शुद्धीत नसतो हे मला दिसत होतं.

पोस्टमॉर्टेममध्ये दारूचा मागमूस नव्हता. तेराव्याला मी मशीनमध्ये साठलेले त्याचे आकडे कागदावर उतरवून नेले, रोजची तारीख आणि पुढे शून्य, शून्य, शून्य. मामांना दाखवले, साखरपुड्याच्या दिवशीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पायसम वाढायला सांगितलं. मग मी तो कागद वैनीकडे नेला. तिनं तो हातात घेतला नाही.

"सव्वीस वरषं त्यांच्याबरोबर राहिलें मी," ती म्हणाली. "मला काय दाखवतोस? त्या दिवशीं तिण्णैवर दाखवायचं होतंस."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. तो अजून पाकिटात आहे.

कंपनीच्या रिपोर्टात मी आधी 'पाय घसरून पडला' असं लिहिलं होतं. तेराव्यानंतर दुसरा रिपोर्ट लिहिला, वाफेचा, आणि त्याबरोबर फिल्टरसाठीचं ते दुसरं पत्रही दिलं. रिपोर्टाचं काय झालं मला माहीत नाही. फिल्टर मात्र आठ दिवसांत आले. नुसत्या आठ दिवसांत.

आता ऑफिसच्या दारात, मशीनच्या शेजारी खिळ्याला मी रोज एक ताजी कदंबम अडकवतो. येताना बाजारातून घेतो. ड्रायव्हर फुंकतो, अण्णाची ती सवय, पडदा माझ्याकडे वळवतो. शून्य. मग मी विचारतो, डोकं दुखतंय का, आणि माळ त्याच्या हातात देतो, हुंगायला. पहिले चार दिवस सगळे हसले, सारला, म्हणजे मला, काय झालंय म्हणून. डॉक्टर म्हणतील ही काही तपासणी नव्हे, आणि खरंच नव्हे. पण गेल्या आठवड्यात एका जुन्या ड्रायव्हरनं माळ नाकाशी धरली, पुन्हा धरली, आणि खाली बघत म्हणाला की काहीच वास येत नाही. बाहेर बाक होता, बाकीचे रांगेत बघत होते. मी किल्ली टेबलाच्या खणात टाकली, त्याला दंडाला धरून आत आणलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं.