हद्दवाल्या मुन्शींचा नातू

हसन मास्तरांच्या वर्गात खोडरबरला बंदी होती. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि वर बरोबर ते लिहायचं. निवृत्तीनंतरही त्यांचा हा नियम सुटला नव्हता. दिघीजवळच्या खाडीवर एक खाजगी धक्का होणार होता. त्याची बातमी करायला गेलो तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा भेटलो. प्रश्न विचारले, उत्तरं टिपली आणि उठलो. ते म्हणाले, "बसा. काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

मी वाचलं. एका ओळीवर त्यांनी हात वर केला. "'लोकांचा विरोध आहे' असं मी म्हटलं नाही. लोकांना कोणी विचारलेलं नाही, असं म्हटलं. विरोध पुढची गोष्ट." मी ती ओळ गिरगटून काळी केली. त्यांनी वही ओढून घेतली आणि नाराजीने परत दिली. "असं नका करू. काय बदललं तेही दिसू द्या."

ही शिस्त त्यांना आजोबांच्या एका वहीतून लागली होती. आजोबा इंग्रज सरकारच्या नोकरीत मुन्शी होते. अरबी, उर्दू आणि कामापुरतं इंग्रजी जाणत. आखातातल्या दोन शेखांच्या मुलखांमध्ये हद्द ठरवायला एक गोरा अधिकारी गेला, त्याच्याबरोबर ते दुभाषे म्हणून होते. गावात त्यांना अजून 'हद्दवाले मुन्शी' म्हणतात. एका शेखाने दिलेला जरीकाठी झगा आणि दुसऱ्याने दिलेला खंजीर मास्तरांचा चुलतभाऊ इक्बाल याच्या घरी काचेच्या कपाटात आहेत. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना ते आवर्जून दाखवले जातात. मास्तर तिथे थांबत नसत. म्हणत, "दोघांकडून बक्षीस घेणाऱ्यानं दोघांपैकी एकाला तरी फसवलेलं असतं."

वही मास्तरांकडे होती. उर्दूतली, काळ्या शाईची. त्यांनी ती मला वाचून दाखवली, भाषांतर करत, सावकाश. दोन शेखांचे तंबू एकमेकांपासून कोसभर अंतरावर पडले होते. आधी दुसऱ्याच्या तंबूत जाईल तो लहान ठरणार, म्हणून कोणीच जाईना. अधिकारी मधल्या तंबूत नकाशा पसरून बसलेला. निरोप घेऊन उन्हात ये-जा करायचे ते मुन्शींनी. एका शेखाने सलाम सांगितला नसेल तर हे पदरचा घालून सांगत. त्यावाचून पुढचं कोणी ऐकून घेत नसे. मास्तर म्हणत, "गाव म्हणतं आजोबांनी वाटाघाटी केल्या. वहीत हमाली दिसते."

शेवटी सगळं एका विहिरीवर अडलं. रेघ विहिरीच्या अलीकडून न्यायची की पलीकडून? तिथल्या टोळीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून विचारण्यात आलं, जकात कोणाला देता? ते म्हणाले, ज्याची माणसं त्या वर्षी येतील त्याला. विहीर कोणाची? थंडीत आमची, उन्हाळ्यात पलीकडच्यांची. मुन्शींनी तसंच लिहिलं. अधिकाऱ्याने वाचून घेतलं आणि तो म्हणाला, नकाशावर ऋतू काढता येत नाहीत, एक नाव दे. वहीत त्या जबाबावर एक सरळ रेघ आहे. वर लिहिलं आहे, 'विहीर अलीकडच्या शेखसाहेबांची.' त्याखाली पाच म्हाताऱ्यांचे अंगठे आहेत. अंगठे आधी घेतले होते.

इक्बालचा मुलगा त्या भागात ट्रेलर चालवून आला आहे. तो सांगतो, तिथे आता तारेचं कुंपण आणि चौकी आहे.

धक्क्याचा रस्ता गावामागच्या माळावरून जाणार होता. माळ कागदोपत्री सरकारी. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जात, आणि पाऊस सरला की पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत कोळीवाड्यातल्या बाया तिथे बोंबील, जवळा, सोडे सुकवत. पावसाचे चार महिने मास्तरांच्या मोहल्ल्यातली गुरं तिथेच चरत. कोणी कधी कोणाला विचारलं नव्हतं. वापर करणाऱ्यांना बदली जागा मिळेल, असं जाहीर झालं आणि पहिल्यांदाच माळ कोणाचा हा प्रश्न निघाला.

चौकशीला मंडळ अधिकारी आले. जबाब कोणी लिहायचा यावर दोन्ही वाड्यांचं एकमत झालं, तेवढ्यावरच. हसन मास्तरांनी. माळावरच खुर्च्या टाकल्या होत्या. मी हजर होतो.

"आठ महिने आमचा म्हावरा हितं सुकतंय," जनाबाई म्हणाली. ती कोळीवाड्यातली मासळी सुकवून विकणारी, सगळ्यांत जुनी. "वास येतंय का न्हाय तो सायबाला विचारा."

"आन् गुरं काय तुझ्या अंगणात चरतात, जनाबाय?" इक्बाल म्हणाला.

"तुज्या गुरांनी माजे बांबू मोडले तवा कुणी भरून दिलं रं?"

लोक हसले. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मास्तरांनी लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं: आठ महिने कोळीवाडा, चार महिने मोहल्ला. दोन्हीकडचे म्हणाले, बरोबर आहे.

अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी हातातला टॅब मास्तरांपुढे धरला. "सर, इथे वापरदाराचं एकच नाव बसतं. दोन टाकली की वादग्रस्त म्हणून पडून राहतं. तुम्ही ठरवा आणि एक सांगा. दुसऱ्यांचं आपण नंतर बघू."

इक्बाल पुढे झाला आणि मास्तरांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाईजान, आपलं लिहा. जनाबायला मी जागा देतो ना आपल्यातली. जबान देतो."

"जबान टॅबात बसत नाही," मास्तर म्हणाले.

"मंग आमचा लिवा, मास्तर," जनाबाई म्हणाली. "गुरं काय, आमी हाकलणार न्हाय."

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. "दोघं खरं बोललात. त्यातल्या एकावर रेघ मारायचं काम माझ्या घरात एकदा झालंय. मी नाही करणार." कागदावर त्यांनी आधीच सही केली होती; तो त्यांनी तसाच, दोन नावांसह, अधिकाऱ्यांच्या हाती दिला.

दोन महिन्यांनी आदेश निघाला. माळ पडीक, कोणाचाही वापर नाही. बदली जागेचा प्रश्नच उरला नाही. मास्तरांचा कागद फायलीत नव्हता. मी माहिती अधिकारात तो मागवला तेव्हा 'असा कागद आढळून येत नाही' असं उत्तर आलं. मास्तरांनी मला त्या उत्तरावर अपील करायला लावलं, मग दुसरं. तोवर माळावर खडी पडली होती.

त्यांना कोळीवाड्याने टाकलं आणि मोहल्ल्यानेही. इक्बालने बोलणं बंद केलं. चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मास्तरांना चहा एका ग्लासात देऊ नको, दोन ग्लासांत दे. इन्साफ पाहिजे त्यांना." ते चहा पीत आणि पैसे ठेवून उठत.

शेवटच्या भेटीत ते मुलीकडे मुंब्र्याला निघाले होते. खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणारी फेरीबोट लागायची होती. मी म्हटलं, तुम्ही खरं तेच केलंत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आजोबांना मी जन्मभर खोटारडा म्हणालो. पण त्यांच्या खोट्यानं एका टोळीला तरी पाणी मिळालं. माझ्या खऱ्यानं कोणाला काय मिळालं, सांगा. तुम्ही पत्रकार आहात. लिहा." मी वही काढली नाही.

मुंब्र्यालाच ते वारले. दफन तिथेच झालं. गावातून दोन माणसं गेली होती, दोघेही त्यांचे जुने विद्यार्थी. इक्बाल गेला नाही.

यंदा मी धक्का पाहायला गेलो होतो. जनाबाई नव्या डांबरी रस्त्याच्या कडेला जवळा पसरून बसली होती. डंपर गेला की धूळ बसे, मग ती सूप घेऊन पाखडायला लागे. मी मास्तरांची बातमी सांगितली. तिला ठाऊक होती.

"मास्तर खोटं न्हाय बोलला," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "त्यानं खोटं बोलाया पायजे व्हतं. माजंच नाव लिवाया पायजे व्हतं असं न्हाय. इक्बालचं लिवला असता तरी चाललं असतं. त्याच्याशी भांडता तरी आला असता. आता भांडू कुनाशी?"

मागून पुढचा डंपर आला. तिने पदराने तोंड झाकलं.